जबाब दारी

ईशान आणि अन्वया,

गेल्या रविवारी फोनवर ईशानने मला विचारलं, "आजी, कॅन दे थ्रो मी आउट फॉर स्पॉइलिंग द ॲव्हरेज?" त्याच्या शाळेला म्हणे नवा कायदा लागू होतो आहे. मुलांच्या मार्कांवरून आता शाळेलाच मार्क मिळणार आहेत, आणि ईशानचं गणित कसं आहे हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. विचारताना तो हसत होता. पण मी आयुष्यभर शाळेत शिकवलं आहे. मुलं असं हसून कधी विचारतात ते मला कळतं. मी "काहीतरीच काय" म्हणून विषय बदलला आणि मग दोन दिवस मला आमच्या गणिताच्या सरांशिवाय काही सुचलं नाही. म्हणून हे आता लिहिते आहे. माझं अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घ्या. तिलाही सर आठवतील, कारण बेल वाजवणारे तेच आहेत हे कळल्यावर ती एकदा पलंगाखाली जाऊन लपली होती.

चुकीच्या वेळी दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवण्यात सरांचा हात धरील असा माणूस सातही अमिरातींत झाला नसेल. आम्ही तेव्हा अजमानला राहत होतो. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत नोकरी दुबईत आणि घर अजमानला, हे आमच्यासारख्या पगारदारांचं ठरलेलं होतं. तुमचे आजोबा सकाळी उजाडायच्या आत गाडी काढून दुबईला जायचे आणि मी दोन व्हिला जोडून केलेल्या एका भारतीय शाळेत इंग्रजी शिकवायला जायचे. शाळेची फी कमी होती, त्यामुळे शारजाच्या औद्योगिक भागातल्या गॅरेजांत आणि गोदामांत काम करणाऱ्या लोकांची मुलं पुष्कळ. सर त्याच शाळेत गणित शिकवत आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. मूळचे मिरजेचे. वहिनी तिकडेच, सासूबाईंच्या आजारपणात अडकलेल्या. घरात सरांशी बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे ते सगळं बोलणं शाळेत आणून संपवत.

ते लहान मुलांनाही अहो म्हणत. केजीतलं मूल असो की दहावीतला दाढी फुटलेला मुलगा, सरांकडे सगळ्यांना सारखाच मान. "अहो देशपांडे, आपण शर्टाची बटणं कोणत्या सूत्राने लावली आहेत?" असं ते विचारत आणि देशपांडे, वय वर्षं सहा, "सॉरी सर" म्हणून खाली बघत. चेअरमनसाहेबांशी बोलताना सरांच्या आवाजात जेवढा आदर असे, तेवढाच या देशपांड्यांशी बोलताना असे. चेअरमनना तो कमी वाटे आणि देशपांड्यांना संशयास्पद. मराठी नसलेल्या मुलांना ते हिंदीत आप म्हणत. इंग्रजीवर त्यांचा राग होता तो एवढ्याचसाठी की त्या भाषेत मुलाला मान द्यायची सोयच नाही. मी इंग्रजीची शिक्षिका, म्हणून हा राग मला आठवड्यातून एकदा तरी ऐकून घ्यावा लागे, जणू ती भाषा मीच तयार केली होती.

दुसरं म्हणजे एसी. थंडीत माणूस हातचा विसरतो, असं त्यांचं ठाम मत होतं. वर्गात आल्याबरोबर ते एसी बंद करत, खिडकी उघडत आणि बाहेरची गरम हवा ओवाळणी घ्यायला आल्यासारखी आत येई. मे महिन्यात पालकांच्या तक्रारी आल्या. प्रिन्सिपल मॅडमनी त्यांना बोलावलं. बऱ्याच वाटाघाटींनंतर असं ठरलं की भूमितीला एसी चालू राहील आणि बीजगणिताला बंद. त्यानंतर संपूर्ण नववीला भूमितीची अतोनात आवड निर्माण झाली. आणि त्यांची ती गाडी. तिचा रंग कोणता हे आरटीओलासुद्धा सांगता आलं नसतं, आणि उजवीकडचं दार पायजम्याच्या नाडीने आतून बांधलेलं होतं. मी त्या गाडीत नेहमी मागे बसत असे.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांचं दारोदार जाणं. कुठलंही मूल गणितात नापास झालं की सर त्याच्या घरी जात. त्यासाठी दुपारची वेळ निवडत, कारण वडील मधल्या सुटीत जेवायला घरी आलेले असतात. नेमका त्याच वेळी सगळा मुलूख जेवून आडवा झालेला असे. बेल वाजे. लुंगीतले वडील डोळे चोळत दार उघडत आणि समोर घामाने निथळणारे सर. "या ना सर, आत या." सर आत येत नसत. उंबऱ्याबाहेर, जिथे एसी पोचत नाही अशा व्हरांड्यात, हात मागे बांधून उभे राहत आणि म्हणत, "मी जबाब द्यायला आलोय. आपला मुलगा नापास झाला. मला त्याला शिकवता आलं नाही."

मी एकदा त्यांना विचारलं, हे आत बसून सांगितलं तर काय बिघडेल? "बाई," ते म्हणाले, "शब्दच आहे ना तसा. जबाब, दारी. आत गेलं की चहा येतो. चहा आला की जबाब राहतो."

लोकांना या प्रकाराचं काय करायचं ते कळत नसे. तक्रार घेऊन येणारा मास्तर त्यांना माहीत होता. माफी मागणारा माहीत नव्हता. एका घरी तर सर असं बोलून संपतायत तोच वडिलांनी मागे वळून मुलाच्या थोबाडीत दिली आणि सरांना म्हणाले, "तुम्ही एवढे भले माणूस, आणि हा तुम्हाला असं बोलायला लावतो." सर जिना उतरून खाली आले आणि बराच वेळ गाडीत नुसते बसून राहिले. तेव्हापासून ते आधी मुलाला काहीतरी आणायला खालच्या दुकानात पिटाळायला लावत आणि मगच बोलत.

मग नवा कायदा आला. तो अजमानचा किंवा दुबईचा नव्हता. सगळ्या अमिरातींचं मिळून जे सरकार आहे, त्याच्या मंत्रालयाचा होता. परिपत्रक अरबीत. ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवण्याचं काम आमच्या अरबी शिकवणाऱ्या उस्तादांवर आलं. उस्तादांची हिंदी टॅक्सीवाल्यांकडून शिकलेली होती. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "अब से स्कूल मसूल है. प्रिन्सिपल मसूल. टीचर भी मसूल." आम्ही मराठी मंडळी एका कोपऱ्यात बसत असू. सरांचे वडील तलाठी होते. सरांनी कपाळाला हात लावला आणि मला हळूच म्हणाले, "बाई, महसूल. शेतसारा लावतायत. टीचरलासुद्धा." ही बातमी मधल्या सुटीपर्यंत मराठी पालकांत पसरली, आणि दुसऱ्या दिवशी तुमचे आजोबासुद्धा मला विचारत होते की हा कर पगारातून कापणार की वेगळा भरायचा. शेवटी सरांनीच उस्तादांना गाठून विचारलं. उस्ताद पोट धरून हसले. "नो टॅक्स, हबीबी. मसूल मतलब, जिस को सवाल पूछेगा." ज्याला विचारलं जाणार, तो मसूल.

सरांना एवढा आनंद झालेला मी आधी कधी पाहिला नव्हता. "म्हणजे बघा बाई, त्यांच्या शब्दात सवाल आहे आणि आपल्या शब्दात जबाब. मधे नुसतं एक दार पाहिजे." ते कित्येक दिवस कायद्याचं कौतुक करत फिरत होते. मूल नापास झालं तर आता शाळेला विचारणार, हे त्यांना इतकं न्यायाचं वाटत होतं की बाकीचे का घाबरलेत तेच त्यांना कळेना.

बाकीचे घाबरले होते कारण बदलाला एकच वर्ष दिलं होतं. त्या वर्षानंतर निरीक्षक येणार, नापासांचं प्रमाण बघणार, शिक्षकांच्या पदव्या बघणार आणि मग शाळेचा परवाना ठेवायचा की नाही ते ठरवणार. चेअरमनसाहेबांनी यावर उपाय काढला. तो आम्हाला मीटिंगमध्ये सांगितला गेला नाही, एकेकाला केबिनमध्ये बोलावून सांगितला गेला. नववीतली जी मुलं पुढच्या वर्षी दहावीत नक्की नापास होतील असं वाटतं, त्यांच्या पालकांकडून आधीच अर्ज घ्यायचा की आम्ही घरगुती कारणाने मुलाला शाळेतून काढत आहोत. मूलच नाही म्हणजे नापास कोण होणार. आणि हे अर्ज सह्या करून आणायचं काम सरांना दिलं.

"आप तो वैसे भी सबके घर जाते हैं," मॅडम त्यांना म्हणाल्या. त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना ते खरंच सोयीचं वाटलं होतं.

सरांनी अर्ज घेतले. नाही म्हणाले असते तर ते काम दुसऱ्याला दिलं असतं, आणि तो दुसरा माणूस सह्या घेऊन आला असता. पण पहिल्या घरी ते पोचायच्या आतच शाळेच्या ऑफिसातून पालकांना फोन गेले होते की सर येतील, त्यांना सही द्या, नाहीतर पुढे दाखला मिळायला अडचण होईल. माणसं परमुलखात होती, व्हिसावर होती, शाळेच्या लेटरहेडला पोलिसाइतकीच भीत होती. सर दारात उभं राहून सांगत, की तुमचा मुलगा शाळेत राहू शकतो, त्याला काढायचा शाळेला अधिकार नाही, सही करू नका. आणि पालक मान डोलावून सही करत. एकाने तर सरांचंच पेन मागितलं. असं घरामागून घर होत गेलं. सर माझ्याशी बोलेनासे झाले. वर्गात एसी चालू राहू लागला, बीजगणितालासुद्धा, आणि मुलं एकमेकांकडे बघू लागली.

रेश्माच्या घरी त्यांनी मला बरोबर नेलं. रेश्मा माझ्याही वर्गात होती. लांब वेणीची, शेवटच्या बाकावर बसून वहीच्या कडेला मेंदीची नक्षी काढणारी. वडील रत्नागिरीकडचे, औद्योगिक भागात गाड्यांना रंग मारायच्या गॅरेजात फोरमन. दुपारी ते घरी नसले तर घरात फक्त बायका, म्हणून मी हवी होते. पण ते होते. दार त्यांनीच उघडलं. बोलायच्या आधी ते खोकले. त्या रंगाचा खोकला घशात कायमचाच मुक्कामाला असतो.

"सर, आत या आधी. शेजारी बघतात."

"आधी जबाब," सर म्हणाले. "आपली मुलगी गणितात नापास होते. त्यातला अर्धा दोष तिचा. त्याची भरपाई मी तिच्याकडून करून घेईन. उरलेला अर्धा माझा आहे."

"सर, ते राहू द्या. फोन आलेला मला. सही कुठे करायची?"

"करायची नाही."

"तुम्हाला शाळेनेच पाठवलं ना?"

"शाळेनेच."

"सही घ्यायला?"

"हो."

"मग द्या इकडे."

"नाही घेत मी. म्हणजे, नका देऊ तुम्ही." सरांनी तो कागद पाठीमागे लपवला. एवढा मोठा माणूस, आणि पोराने कैरी लपवावी तसा.

रेश्माचे वडील माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तरी सांगा त्यांना. उद्या शाळेने काही लचांड केलं तर मी कोणाकडे जाऊ? गावाला तिचा मामा आहे. राहील तिकडे. मुलीला शिकून शिकून किती शिकायचंय?"

आतून पडद्यामागून रेश्माच्या आईचा आवाज आला. "मामाने स्थळ बघून ठेवलंय, ते पण सांगा ना. मुलगा तिच्याहून बारा वर्षांनी मोठा आहे, ते पण सांगा."

रेश्मा आईच्या मागून बाहेर आली. ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. "सर, आय विल फेल ओन्ली," ती म्हणाली. "बाकी सब गये ना. मैं भी जाती."

"अहो रेश्मा," सर म्हणाले, "आपण नापास व्हाल की नाही हे पेपर झाल्यावर कळेल. पेपर व्हायच्या आधी कुणाला नापास करायचं नसतं. मी गणित शिकवतो, मला एवढं माहीत आहे." त्यांचा शर्ट छातीला चिकटला होता. मग ते वडिलांना म्हणाले, "कायदा शाळेला विचारणार आहे, तुम्हाला नाही. आणि शाळेत मला विचारणार. तुमचं नाव कुठे येणार नाही, ते मी बघतो."

"सही नाही करायची," पडद्यामागून रेश्माची आई म्हणाली. "मी सांगते. नाही करायची."

वडिलांनी सही केली नाही. तेवढ्या सगळ्या घरांतलं ते एकच घर.

निरीक्षक आल्या त्या पुढच्या हिवाळ्यात, रेश्मा दहावीत असताना. पायघोळ काळ्या अबायातल्या वयस्क बाई, फार हळू बोलणाऱ्या. त्या वर्ग बघत बघत दहावीच्या वर्गात आल्या, तेव्हा दारात मॅडम, उस्ताद आणि मी अशी वरात होती. सर फळ्याजवळ. मागचे बाक रिकामे होते; रेश्मा तिथे एकटी बसलेली. बाईंनी त्या बाकांकडे पाहिलं आणि इतर मुलं कुठे आहेत असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, त्यांच्या घरच्यांनी त्यांना इंडियाला नेलं, घरगुती कारणं. बाईंनी अरबीत आणखी काहीतरी विचारलं. त्यातला मसूल हा शब्द आम्हा सगळ्यांना कळला. उस्तादांनी सरांकडे न बघताच हिंदी केलं, "पूछती है, इस क्लास का जवाब कौन देगा."

सरांनी हात वर केला. वर्गातल्या मुलांसारखा, कोपर सरळ ठेवून. मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलं घरच्यांनी नेली नाहीत, शाळेने काढली. कच्ची होती म्हणून काढली. अर्ज घेऊन मीच गेलो होतो. ती कच्ची राहिली कारण मला शिकवता आलं नाही. उस्ताद एकेक वाक्य अरबीत सांगत गेले आणि प्रत्येक वाक्यागणिक त्यांचा आवाज खाली गेला. मॅडम भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होत्या.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी सरांना त्यांच्याबद्दल विचारलं. शिक्षण? एम.एस्सी. शिक्षकाची पदवी? बी.एड.?

"नाही," सर म्हणाले. "करायचं राहिलं."

"खलास," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. तो शब्द उस्तादांना हिंदीत सांगावा लागला नाही. आम्हाला तो दोन्ही भाषांत कळत होता.

काही आठवड्यांनी मंत्रालयाचा हुकूम आला की यापुढे परवानगीशिवाय एकाही मुलाला शाळेतून काढायचं नाही. त्याच हुकुमात, खालच्या ओळीत, ज्यांच्याकडे शिक्षकाची पदवी नाही त्यांना वर्गावर पाठवायचं नाही असंही होतं. शाळेने पहिली ओळ नाइलाजाने पाळली आणि दुसरी फार उत्साहाने. सर मात्र कायद्याच्या बाजूचेच राहिले. सामान बांधताना मला म्हणाले, "बाई, चुकीचं काय आहे त्यात? मला शिकवायला कुणी शिकवलंच नव्हतं. मी हे इतकी वर्षं लोकांच्या दारात सांगतच होतो की."

व्हिसा रद्द होऊन विमानात बसेपर्यंत जे दिवस त्यांना मिळाले, त्यातल्या दुपारी ते आमच्या डायनिंग टेबलवर रेश्माला शिकवत. घर माझं असल्यामुळे एसी चालू ठेवायला त्यांनी हरकत घेतली नाही. रेश्मा उत्तर चुकली की ते डोळे मिटून घेत, आणि बरोबर आलं तरी मिटूनच घेत. त्यांच्या जागी आलेल्या बाई बी.एड. होत्या आणि चांगलं शिकवायच्या, हेही मला सांगायला हवं.

मिरजेहून ते मला अधूनमधून फोन करत. आजोबांच्या तब्येतीची चौकशी व्हायची, हवेची व्हायची, आणि मग दर वेळी तोच प्रश्न, "बाई, त्या बाकीच्या मुलांचं काय झालं, काही कळलं?" मला काही कळलेलं नसे. कुणी बिहारला गेलं होतं, कुणी केरळला, कुणी कोकणात. पुढे सर आजारी पडले आणि फोन वहिनींचा येऊ लागला, तेव्हाही मागून त्यांचा आवाज यायचा, "विचार, विचार त्यांना." मग एक दिवस मागून आवाज आला नाही.

ईशान, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर टाळलं, ते आता देते. हो, काढू शकतात. चांगल्या कायद्याच्या भीतीनेही काढू शकतात. ते मी पाहिलं आहे. तुला कुणी तसा कागद दिला तर तो आधी आईला दाखव आणि मग मला फोन कर, तुमच्याकडे कितीही वाजलेले असोत.

ती शाळा आता नाही. त्या दोन व्हिलांच्या जागी फर्निचरचं दुकान आहे, असं ऐकते. तो कायदाही नंतर दोनदा बदलला. रेश्मा अजमानलाच आहे. ती दहावी पास झाली, गणितात काठावर. आता एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते, आणि तिच्या दोन्ही मुली शाळेत जातात.